स्मार्ट कारखाना बोल्ट मोजतो, आमच्या जागा का मोजत नाही?

"यंत्राला जात नसते." हे वाक्य हल्ली आम्हाला वारंवार ऐकवले जाते. काही महिन्यांपूर्वी आमच्या वस्तीत आयटीआयच्या मुलांसाठी मार्गदर्शन शिबिर झाले. एका कंपनीतले अधिकारी वक्ते म्हणून आले होते. रोबोट, सेन्सर, क्लाउड, डेटा असे सगळे त्यांनी छान समजावून सांगितले. शेवटी म्हणाले, "आता नवे कारखाने स्मार्ट आहेत. तिथे फक्त स्किल बघतात. तेव्हा तुम्ही जात, आरक्षण हे विषय आता सोडा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांचा मान म्हणून आम्हीही वाजवल्या. पण त्या वाक्याला उत्तर द्यायचे राहून गेले. ते आज देतो.

आधी स्मार्ट कारखाना म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, म्हणजे कोणी आम्हाला अडाणी म्हणू नये. यंत्रावर सेन्सर बसवलेला असतो. तो तापमान, कंपन, वेग, वेळ मोजतो. ही माहिती सर्व्हरवर जाते, तिथे तिचा हिशेब होतो आणि हुकूम परत यंत्राकडे येतो. कोणता भाग कोणत्या मिनिटाला, कोणत्या यंत्रावर, कोणत्या शिफ्टमध्ये तयार झाला हे स्क्रीनवर दिसते. यंत्र बिघडण्याआधीच ते बिघडणार असल्याचे कळते. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात २०११ साली याला 'इंडस्ट्री ४.०' हे नाव मिळाले. आपल्याकडे केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाने 'समर्थ उद्योग भारत ४.०' नावाचा उपक्रम सुरू केला आणि त्याचे एक केंद्र पुण्यात उभे राहिले. चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात वेल्डिंग आणि पेंटिंग करणारे रोबोटचे हात आता नवलाईचे राहिलेले नाहीत.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. हे ठासून सांगतो, कारण आमच्यावर पहिला आरोप तोच होईल. यंत्राला शिव्या देऊन चरख्याकडे आणि खेड्याकडे परत जायला सांगणारी विचारधारा आमची कधीच नव्हती. गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सुटका हवी, विचार करायला फुरसत हवी आणि ती यंत्रच देऊ शकते, अशी त्यांची मांडणी होती. दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी तिथेच दाखवले. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या डोक्यावर मैला आणि पाठीवर ओझे होते, त्यांनी यंत्राला का भ्यावे? आमचा प्रश्न वेगळा आहे. यंत्र कुठे बसवायचे आणि त्याच्या शेजारी कोणाला उभे करायचे, हे कोण ठरवतो?

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्या त्यांच्या काळातल्या आधुनिक कारखान्यांत मोडत होत्या. वाफ, वीज, विलायती यंत्रे, भोंग्यावर चालणारी शिस्त, सगळे होते. पण विणाईच्या खात्यात, जिथे मजुरी जास्त होती, तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत तोंडाने ओढून धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. म्हणून आमचे आजोबा-पणजोबा कमी मजुरीच्या खात्यांत राहिले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्राला जात नव्हती हे खरेच. पण गिरणीत जात शिरायला छटाकभर सूत पुरेसे झाले.

आता शंभर वर्षांनंतरचा कारखाना पाहू.

एक सेन्सर कामगाराचा सायकल टाइम मोजतो. दोन जॉबमध्ये किती सेकंद गेले हे त्याला कळते. आमच्या अभ्यासवर्गाला येणारा एक तरुण सांगत होता, "दादा, लघवीला गेलो आणि चार मिनिटे उशीर झाला, तर स्क्रीनवर माझे स्टेशन लाल होते. सुपरवायझर यायच्या आधी सगळ्या लाईनला कळते." इथे सेन्सर लगेच बसला. आता दुसरा सेन्सर घ्या. पॉवर प्रेसखाली हात असेल तर प्रेस जागच्या जागी थांबवणारा. हे तंत्रज्ञान जुने आहे, चंद्रावरून आणायचे नाही. तरीही मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत कामगारांची बोटे तुटत राहतात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाच्या अहवालांतून हेच मांडते आहे. गुरुग्राम-मानेसरच्या पट्ट्यातून सुरू झालेल्या या नोंदींत बोटे गमावणारे बहुसंख्य स्थलांतरित कामगार आहेत. म्हणजे वर मोठ्या कंपनीत चकचकीत स्मार्ट लाईन आणि खाली तिला माल पुरवणाऱ्या शेडमध्ये जुनाट प्रेस. सेकंद मोजणारा सेन्सर परवडतो आणि बोट वाचवणारा परवडत नाही, हा तंत्रज्ञानाचा मागासलेपणा म्हणता येत नाही. कोणाच्या बोटाची किंमत किती, हे त्यातून ठरलेले आहे.

याहून उघडे उदाहरण कारखान्याबाहेरच्या रस्त्यावर आहे. मोटारीच्या दाराला रंग देताना माणसाच्या फुफ्फुसात विषारी वाफ जाऊ नये म्हणून तिथे रोबोट आला. चांगलेच झाले. पण गटारातल्या विषारी वायूने माणसे मरतात, तिथे रोबोट यायला इतका उशीर का? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घातली. २०१८ साली केरळमध्ये 'बँडिकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबोट कामालाही लागला. मृतांच्या वारसांना ३० लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. तरी दोरी लावून माणूस उतरवणे थांबलेले नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे नोंद झालेल्या गटार आणि सेप्टिक टँक सफाई कामगारांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक अनुसूचित जातींचे आहेत. यंत्राला जात नसेल, तर यंत्राला गटाराचा रस्ता का सापडत नाही? उत्तर सोपे आहे. जिथे माणूस स्वस्त आहे तिथे यंत्राची गरज वाटत नाही, आणि माणूस स्वस्त ठेवण्याचे काम या देशात जात करते.

आता कारखान्याच्या फाटकाकडे वळू. आमच्याच ओळखीतला नांदेडकडचा एक मुलगा. आयटीआय इलेक्ट्रिशियन, गुण चांगले. ठेकेदारामार्फत एका कंपनीत लागला. रोबोट सेलवर शिकाऊ म्हणून घेतो असे आधी सांगितले होते. पहिल्या दिवशी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग "गावात राहायला कुठे?" आठवड्याभरात तो ट्रॉली ओढायच्या कामावर. सहा-सात महिने झाले की ब्रेक. पुन्हा नवा ठेकेदार, पुन्हा नवे कार्ड. जातीमुळेच झाले याचा पुरावा काय, असे कोणी विचारेल. नाही आमच्याकडे. एकेका प्रकरणात पुरावा मिळतच नाही, हीच या भेदभावाची ताकद आहे. पण अनेक प्रकरणे एकत्र मोजली की चित्र दिसते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावात होता. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी.

"म्हणून तर निवड संगणकावर सोपवू," असे म्हणणारे आता पुढे आले आहेत. त्यांनी अॅमेझॉनचा अनुभव वाचावा. अर्ज छाननारी एक संगणक प्रणाली त्या कंपनीने तयार केली होती. जुन्या भरतीत पुरुषच जास्त होते, त्यावरून ती प्रणाली स्त्रियांचे अर्ज खाली ढकलायला शिकली. कंपनीला ती गुंडाळावी लागली आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. संगणक जुन्या नोंदींवरून शिकतो. आपल्या देशातल्या जुन्या नोंदी काय शिकवतील हे वेगळे सांगायला हवे का?

मग राहतो स्किलचा मुद्दा. स्मार्ट कारखान्यात हेल्पर, तपासनीस, माल वाहणारे यांची कामे आधी कमी होतात. वाढतात ती ऑटोमेशन, प्रोग्रामिंग, डेटा, दुरुस्ती यांची. पहिल्या यादीत आमची मुले आहेत. दुसऱ्या यादीत जायला लॅपटॉप, इंग्रजी, महागडे कोर्स, ओळखीपाळखी लागतात. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. ते वारशाने मिळते आणि मिळाल्यावर त्याचे नाव 'मेरिट' होते. ज्या आयटीआयमध्ये मुले अजून जुन्या लेथवरच हात बसवतात, तिथून ती थेट रोबोट सेलवर कशी जातील? खरे शिक्षण यंत्राशेजारी उभे राहूनच होते. म्हणजे सगळा खेळ शिकाऊ उमेदवारीत आहे, अप्रेंटिसशिपमध्ये.

आणि इथेच आम्हाला आमच्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण सगळे म्हणतो. नोकरीबाबत ते बरोबर आहे. पण शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ उघडा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३-अ आले. निर्देशित ट्रेडमध्ये अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे ते कलम सांगते. राज्यातली लोकसंख्या विचारात घेऊन प्रमाण ठरते. पुढे ओबीसींसाठीही तरतूद झाली. हा कायदा खासगी कारखान्यालाही लागू आहे. ३० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. पन्नासहून अधिक वर्षे हे कलम कायद्यात आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर एक तरी अर्ज केला?

मालकांचे वकील मात्र जागे आहेत. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने स्वतः ठरवायच्या 'ऑप्शनल ट्रेड'ची वाट उघडली. कलम ३-अ निर्देशित ट्रेडबद्दल बोलते, आणि नवी डिजिटल कामे या दुसऱ्या वाटेने नेता येतात. शिवाय शिकाऊ उमेदवार हा कायद्याने 'कामगार' नाही. त्याला मजुरी नाही, विद्यावेतन आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवावे लागेल. राखीव जागा भरतात का, आणि शिकाऊच्या नावाखाली स्वस्त हेल्पर तर राबवत नाहीत ना.

आता त्या शिबिरातल्या अधिकाऱ्यांना आमचा प्रश्न. साहेब, तुमच्या कारखान्याला प्रत्येक बोल्टचा जन्मदाखला माहीत आहे. तो कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, किती ताकदीने आवळला हे एका क्लिकवर निघते. मग तुमच्याकडे अनुसूचित जातीचे शिकाऊ किती, त्यांतले रोबोट सेलवर किती, ट्रॉलीवर आणि झाडूवर किती, हे एका क्लिकवर का निघत नाही? मोजायची क्षमता नाही असे तुम्ही म्हणूच शकत नाही.

काही डावे मित्र म्हणतील, यंत्राने सगळेच कामगार भरडले जातात, तुम्ही जात कशाला काढता? त्यांना आम्ही १९३८ च्या मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेची आठवण करून देतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरला. दोन्ही लढाया एकाच वेळी लढता येतात. त्यातली एक विसरा असे सांगणाऱ्याला मात्र आमची साथ नाही.

शेवटी स्वतःच्या घराकडे. जयंतीला डीजेवर होणारा खर्च आणि विहारातल्या अभ्यासिकेवर होणारा खर्च शेजारी शेजारी मांडून पाहा, आम्ही अधिक बोलत नाही. प्रत्येक तालुक्यात पाच कार्यकर्त्यांनी एवढे करावे. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे माहिती अधिकारात विचारावे की आपल्या एमआयडीसीतल्या कोणत्या आस्थापनेने कलम ३-अ खाली किती जागा राखल्या आणि किती भरल्या. उत्तर आले नाही तर अपील करावे. आले तर ते विहाराच्या फळ्यावर लावावे. आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून नव्या यंत्रांच्या ट्रेडची मागणी लेखी द्यावी. विहारात दोन संगणक आणि शिकवणारा एक जाणकार मुलगा बसवावा. आणि नगरपालिकेला विचारावे, गटाराचे यंत्र कधी घेता?

१९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी कायद्याचा आधार उभा केला. ते हात जोडून मिळालेले नव्हते. आज कारखान्यात सगळे काही मोजले जात असेल, तर आमचा पहिला हक्क हा की आम्हालाही मोजा आणि आकडा जाहीर करा. जागा मागण्याची वेळ त्यानंतर येते, आणि तेव्हा आमच्या हातात निवेदनासोबत तुमचाच आकडा असेल.

जय भीम!