प्रेत आधी दिसलं म्हणून

३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे पावणेचारच्या सुमारास लंडनच्या बक्स रो गल्लीत मेरी ॲन निकोल्सचं प्रेत चार्ल्स क्रॉस या गाडीवानाला दिसलं. मागून येणाऱ्या रॉबर्ट पॉलला त्यानेच थांबवलं, दोघांनी पुढे हवालदार मायझनला खबर दिली आणि कामाची वाट धरली. हा आणि त्यापुढचे खून करणारा ‘जॅक द रिपर’ कधीच सापडला नाही. शंभराहून अधिक वर्षांनी संशय या साक्षीदारावरच आला, आणि २०१४ च्या एका माहितीपटाने तर त्याच्यावर खटलाच उभा केला. तो खटला टिकत नाही.

त्याचं जन्माचं आडनाव लेचमियर, चौकशीत मात्र त्याने क्रॉस सांगितलं, हा पहिला आरोप. पण क्रॉस हे त्याच्या सावत्र वडिलांचं आडनाव, आणि ते पोलीस शिपाई होते. शिवाय राहता पत्ता आणि पिकफर्ड्स कंपनीतली नोकरी त्याने उघड सांगितली. लपणारा माणूस घर दाखवून आडनाव कशाला चोरेल? दुसरा आरोप वेळेचा. साडेतीनच्या सुमारास निघालो म्हणतो, मग मधली मिनिटं गेली कुठे? अंदाजाने सांगितलेल्या वेळेतून मिनिटांचा हिशेब काढणं म्हणजे डोळ्याने सोनं तोलणं. तिसरा आरोप असा, की बाकीचे खून त्याच्या कामाच्या वाटेवर झाले. त्यातला एक खून झाला ती हॅनबरी स्ट्रीट वाटेवर होती, हे खरं. पण एलिझाबेथ स्ट्राइडचा खून झाला रविवारी, रात्री एकच्या सुमारास. तिथे कामाची वाट उपयोगी पडत नाही, म्हणून ‘त्याची आई जवळच राहायची’ हे कारण पुढे येतं! खरा खडा एकच: ‘तिकडे पोलिसाने बोलावलंय’ असं क्रॉस म्हणाला, हे मायझनने शपथेवर सांगितलं आणि क्रॉसने साफ नाकारलं. ही विसंगती झाकू नये. मात्र खबर मिळाल्यावरही मायझन लोकांना उठवायला दारं ठोठावत राहिला, अशी पॉलची तक्रार होती. तिथे आधीच पोलीस आहे म्हटलं, की ही दिरंगाई क्षम्य ठरते. खोटं बोलायचं कारण दोघांकडेही निघतं.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी घालून दिली: प्रत्येक दुवा सिद्ध हवा, साखळी अखंड हवी, आणि गुन्ह्याखेरीज दुसरा अर्थ निघता कामा नये. इथे प्रत्येक दुव्याचा दुसरा, साधा अर्थ निघतो. यावर कुणी म्हणेल, इतिहास म्हणजे कोर्ट नव्हे. मान्य, पण कोर्टात आरोपीला वकील तरी मिळतो, १९२० साली वारलेल्या गाडीवानाला कोण देणार? आधी थांबणाऱ्यावरच संशय येण्याची भीती आपल्याकडेही आहे: पहाटे कामाला निघालेल्याने रस्त्यात जखमी पडलेला पाहून ‘नसती झंझट’ म्हणत निघून जाऊ नये, म्हणून २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४-अ घालावं लागलं. आणि रिपरच्या इतर बळींचं काय? ॲनी चॅपमनचं प्रेत जॉन डेव्हिसला, स्ट्राइडचं लुई डिमशुट्झला, कॅथरीन एडोजचं हवालदार वॉटकिन्सला सापडलं, आणि तिघेही त्या क्षणी एकटेच होते. प्रेतापाशी एकटं असणं हाच पुरावा असेल, तर ही तिन्ही नावंही यादीत घ्यावी लागतील.