दत्तक शाळा आणि अकरा कोटी

‘झोंबी’ म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आखाड्याच्या मातीत शोभावा असा शब्द. आनंद यादवांनी १९८७ साली आपल्या कादंबरीला तो दिला, तेव्हा कागलातल्या त्या पोराची झोंबी होती ती शाळेत जाण्यासाठी, दारिद्र्याशी आणि प्रत्यक्ष बापाशी. ही कादंबरी वर्गात शिकवताना आम्हांला एक गोष्ट हटकून बोचते. याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ सालीच करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते.

महाराज कुस्तीचेही तितकेच वेडे. खासबागेचे मैदान त्यांचेच. तेव्हा खेळावर पैसा खर्चू नये, असे कोल्हापूरच्या मातीत कोणी म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. मात्र दंड होता तो मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला. कुस्ती न पाहणाऱ्याला नव्हता!

जुलै २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला राज्य शासनाने विधानभवनातील सत्कारात ११ कोटी रुपये जाहीर केले. क्रिकेट मंडळाने त्याआधीच १२५ कोटी जाहीर केले होते. याच शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘दत्तक शाळा’ योजना काढली आणि त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळांत विलीन करण्याची चाचपणीही सुरू केली. दत्तक जाणे कागलला नवे नाही; १८८४ साली इथला मुलगा करवीरच्या गादीला दत्तक गेला. पण त्याला राज्य मिळाले. इथे मायबाप सरकार धडधाकट असताना लेकरू देणगीदाराच्या ओटीत घातले जात आहे.

खेळावरचा खर्च आणि सोहळ्यावरचा खर्च यांत आम्ही भेद करतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. २००९ साली तो शासनाच्याच क्रीडाप्रबोधिनीत दाखल झाला होता. तो खर्च पदकाच्या पंधरा वर्षे आधीचा. त्याला ना मंच होता, ना छायाचित्रकार. शाळेवरचा खर्च याच जातीचा.

विश्वविजेत्यांना शाल-श्रीफळ आणि टाळ्या जरूर द्याव्यात. धनादेश त्यांचे मंडळ देईल. शासनाने वाडीवरच्या वीस पोरांच्या शाळेत दुसरा शिक्षक धाडावा, एवढेच आमचे मागणे आहे.