मॉरिशसमध्ये पूल, इथे मात्र कुंपण!



भारत-मॉरिशस मैत्रीवर भाषण करताना आपले नेते 'समान इतिहास' हा शब्द हमखास काढतात. तो खोटा नाही. 1834 पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर तिकडे नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज बहुतेक घरी क्रिओल बोलतात. तरीही त्या देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते. 28 एप्रिल 2023 रोजी तिथे शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यासाठी महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस मुद्दाम गेले होते.

नुसत्या इतिहासावर मैत्री चालत नाही, हेही खरे. दुहेरी कर टाळण्याच्या 1982 च्या करारामुळे परकी भांडवल वर्षानुवर्षे मॉरिशसमार्गे भारतात आले. आपला महसूल बुडतो हे पाहून भारताने 2016 साली तो करार बदलून घेतला. तिथे पूर्वजांची आठवण आडवी आली नाही! 2024 साली आगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी सुरू झाली, त्यामागे हिंदी महासागरातली सुरक्षा आहे. व्यवहार दोन्ही बाजूंनी चोख आहे.

मग इतिहासाचा उपयोग काय? उपयोग असा की, दोन्ही सरकारे तिथल्या भारतीय वंशाच्या माणसांना दुवा मानतात. 'ही माणसे आमची, ती जमीन आम्हाला द्या' असे दिल्ली म्हणत नाही. 'आमच्या देशात राहता, तर आजोबांची भाषा विसरा' असे पोर्ट लुईही म्हणत नाही. हक्क सांगणारा कोणी नाही, म्हणून संशय घेणाराही कोणी नाही.

आता आपल्याकडे पाहा. 1791 साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला घेतला, त्याही काळापासूनची घराणी आपल्यात आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. 2004 साली महाराष्ट्र शासन सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या मागणीत हुबळी-धारवाड नाहीच. पण डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, तेव्हा मान खाली घालून कोण बसले? दोन्हीकडे सोयरीक असलेले आपणच! पुण्याचे पाहुणे आपल्याला 'कानडी' म्हणतात आणि इथे आपण 'मराठे' ठरतो.

वास्तविक समान इतिहास पाहायला समुद्र ओलांडायची गरज नाही. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडात राहून मराठी कथा श्रीमंत केली. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांनी मराठी रंगभूमी गाजवली आणि हुबळीच्या गंगूबाई हनगल यांना घडवले. यावर बेंगळुरू आणि मुंबई दोघांनीही अभिमानाने बोलावे. परंतु दोघेही नकाशावरच बोलतात!

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आम्हाला जिल्हा बदलून नको आणि राज्यही बदलून नको. कर्नाटक शासनाने घटनेच्या 350अ कलमाप्रमाणे आमच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मराठीतून मिळण्याची सोय करावी. महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांनी आमच्या नावाने गर्जना करण्याआधी आम्हाला विचारावे. मॉरिशसच्या मराठी माणसाला जो मान देता, तोच आम्हाला द्या.

आणि घरचेही थोडे बोलू. मॉरिशसमधली मुले क्रिओल बोलत असूनही शाळेत मराठी अक्षरे गिरवतात. आपल्या किती नातवंडांना आजीचे पत्र वाचता येते? मागणी करणाऱ्याने आपली संख्या आधी कागदावर दाखवावी लागते. म्हणून 2027 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली की न संकोचता 'मराठी' सांगा आणि येणारी दुसरी भाषा म्हणून तितक्याच अभिमानाने 'कन्नड' सांगा. प्रगणक समोर बसून मोबाइलवर नोंदवत असताना दोन्ही नोंदी स्वतः वाचून पाहा.