दुर्बिणीपर्यंत फायबर केव्हाच पोहोचलं. जुन्नर-आंबेगावच्या घरांपर्यंत यायला काय अडतंय?

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की टोमॅटो आणि द्राक्षांच्या शेतांमधून एकदम एक अवाढव्य जाळीदार थाळी आभाळाकडे तोंड करून उभी दिसते. तिचा व्यास ४५ मीटर. अशा ३० थाळ्या या परिसरात आहेत आणि त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण बनते, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ती उभी राहिली. त्यातल्या १४ थाळ्या खोडदजवळ एकत्र आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना लांब पसरल्या आहेत. टोकापासून टोकापर्यंतचं अंतर सुमारे २५ किलोमीटर.

या थाळ्यांबद्दलची एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. प्रत्येक थाळीने पकडलेला सिग्नल मध्यवर्ती इमारतीत येतो तो ऑप्टिकल फायबरवरून. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी साधा लँडलाइन फोनही नव्हता, तेव्हा जुन्नरच्या शिवारात फायबर आलेलं होतं. फक्त ते आकाशगंगांसाठी होतं.

घरांसाठीच्या फायबरची गोष्ट वेगळी आहे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा ही बाजारपेठेची गावं. तिथे कंपन्यांना ग्राहक दिसतात, त्यामुळे तिथे फायबर मिळतं. पण दोन्ही तालुक्यांची मिळून सहा लाखांहून जास्त लोकसंख्या (२०११ ची जनगणना) काही फक्त पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला राहत नाही.

'गाव जोडलं' म्हणजे काय जोडलं?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये 'नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क' ही योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, खर्च साधारण २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं. मुदत हुकली. २०१५ मध्ये योजनेचं नाव 'भारतनेट' झालं. २०१७ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला आणि त्यात महाराष्ट्रासह आठ राज्यांनी काम स्वतःकडे घेतलं. आपल्याकडे ते 'महानेट' म्हणून ओळखलं जातं, जबाबदारी महाआयटीकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, तेव्हा आकडा होता १,३९,५७९ कोटी रुपये.

या सगळ्या बातम्यांमध्ये 'जोडलेली गावं' असा शब्द येतो. तो वाचताना सावध राहायला हवं. मूळ योजनेत जोडायची होती ती ग्रामपंचायत. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली तार पंचायतीच्या कार्यालयात येते, तिथे एक डबा बसतो, तो सुरू झाला की कागदावर गाव जोडलं गेलं.

आता आंबेगावच्या पश्चिमेकडची एखादी ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणा. एका पंचायतीखाली दोन-तीन गावं आणि त्यांच्या वाड्या, ठाकरवाड्या. काही वाड्या ओढ्यापलीकडे, काही डोंगराच्या सोंडेवर. पंचायतीतल्या डब्यापासून शेवटच्या घरापर्यंतचं अंतर कित्येक किलोमीटर असू शकतं. त्या अंतराचा हिशोब पहिल्या बारा वर्षांत नीट झालाच नाही. २०२३ च्या सुधारित योजनेत पहिल्यांदा घरांचा आकडा ठळकपणे आला, पाच वर्षांत ग्रामीण भागात दीड कोटी घरगुती जोडण्या. तसंच पंचायतीबाहेरच्या गावांनाही मागणीनुसार जोडायचं ठरलं.

एका तारेवर किती घरं?

घरापर्यंत येणारं फायबर म्हणजे केसाइतकी बारीक काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो. एक्स्चेंजमधल्या यंत्रातून निघालेली एक तार खांबावरच्या छोट्या डब्यात विभागली जाते, त्याला स्प्लिटर म्हणतात. साधारणपणे एका तारेवर ३२ किंवा ६४ घरं चालतात. यंत्रापासून घर सुमारे २० किलोमीटरच्या आत असलं की काम भागतं, आणि मधल्या डब्याला वीजही लागत नाही. सपाटीवरच्या दाट गावठाणाला ही रचना फार सोयीची आहे.

वाडीवर नेमकं उलटं होतं. १५ घरांसाठी तीन किलोमीटर केबल ओढा, खांब शोधा, प्रत्येक जोडावर थोडा प्रकाश गमवा आणि मग त्या १५ घरांतली पाचच महिन्याला पैसे भरणार. कुठल्याही खासगी कंपनीला हे गणित जमत नाही, त्यात कंपनीचं वाईट असं काही नाही. म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून वेगळा निधी काढला जातो. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता नाव 'डिजिटल भारत निधी' आहे. तुमच्या-माझ्या रिचार्जमधले पैसेच अप्रत्यक्षपणे तिथे जातात. भारतनेट त्यावर चालतं.

रस्ता संपतो तिथे रिंग कशी करायची?

जुनं भारतनेट सरळ रेषेत होतं. तालुका, मग पहिलं गाव, मग दुसरं, मग तिसरं. पहिल्या गावाजवळ जेसीबीने तार तोडली की पुढची सगळी गावं बंद. सुधारित योजनेत यावर उपाय आहे तो 'रिंग'चा. गावं वर्तुळात जोडायची, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने इंटरनेट येत राहतं.

ऐकायला छान. पण या दोन तालुक्यांचा नकाशा काढून बघा. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे येतात. त्यांच्यावर अनुक्रमे डिंभे, वडज, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे ही धरणं आहेत. प्रत्येक नदीचं खोरं वेगळं, मध्ये डोंगररांगा. रस्ते खोऱ्यातून पश्चिमेकडे जातात आणि बहुतेक कड्यापाशी संपतात. घोडेगावहून डिंभ्याच्या पाणलोटाला वळसा घालत आहुप्याला गेलात की पुढे थेट कोकणात कोसळणारा कडा. जुन्नरहून घाटघरला गेलात की पुढे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून व्यापाराचे तांडे उतरत होते, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तिथे आहे, पण गाडीरस्ता घाटाच्या तोंडाशी थांबतो. गाडीने घाट उतरायचा तर वाट माळशेजचीच, आणि पावसाळ्यात तिथे दरडींचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्या खोऱ्यात एकच रस्ता आत जातो, तिथे रिंग पूर्ण करायची तर तार डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात न्यावी लागेल किंवा तेवढ्या भागासाठी रेडिओ लिंक लावावी लागेल. दोन्ही खर्चिक. त्याच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन तारा टाकून 'रिंग झाली' असं दाखवता येईल, पण ते स्वतःला फसवणं होईल.

कारण या भागात कडा कोसळला की रस्ता, खांब आणि तार एकत्रच जातात. ३० जुलै २०१४ ला आंबेगावमधलं माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. अधिकृत आकड्यानुसार १५१ जणांचा मृत्यू झाला. बाहेरच्या जगाला त्याची खबर लागली ती रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गाव जागेवर दिसलंच नाही. फायबर असतं तर दरड थांबली नसती, उघड आहे. पण अशा डोंगरात संपर्काचे दोन वेगळे मार्ग का हवेत, याचं यापेक्षा मोठं कारण मला सुचत नाही.

मग मोबाइल टॉवर वाढवले तर?

सोशल मीडियावर हा प्रश्न हमखास येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्रीतली मुलं रेंजसाठी टेकडीवर बसून शिकत होती, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. टॉवर हवेतच. पण इथे दोन अडचणी आहेत.

पहिली सगळीकडे असते. टॉवरलाही मागून इंटरनेट लागतं. तिथपर्यंत फायबर नसेल तर फोनवर फोर-जीची खूण दिसते आणि व्हिडिओ फिरत बसतो.

दुसरी खास इथलीच. जीएमआरटी १५०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओ लहरी ऐकते, आणि मोबाइलचे ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे त्याच टापूत येतात. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण सिग्नल आणि शेजारच्या टॉवरचा सिग्नल यात कोण जिंकणार हे सांगायला नको. त्यामुळे इथे टॉवर कुठे उभा करायचा, अँटेना कुठल्या दिशेला फिरवायचा, हा फक्त कंपनीचा प्रश्न राहत नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्गही याच दुर्बिणीच्या कारणावरून अडला, त्याचा राग तालुक्यात अजून आहे.

फायबरमधून मात्र प्रकाश जातो, त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडत नाहीत. घरातलं वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, तेही दुर्बिणीच्या पट्ट्याच्या वर. जून २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद गुंजनाचे पुरावे जगभरातल्या गटांनी जाहीर केले, त्यात याच दुर्बिणीची निरीक्षणं होती. अशा दुर्बिणीच्या शेजारी राहणाऱ्यांनी विज्ञानासाठी काही सोसावं अशी अपेक्षा असेल, तर घराघरात फायबर देण्यात या भागाचा नंबर पहिला लागायला हवा, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र फायबरने आपोआप सुटणार नाही. पीएम किसान असो, रेशनकार्ड असो किंवा २०२५ मधलं लाडकी बहीणचं ई-केवायसी, ओटीपी येतो मोबाइलवर. घरात १०० एमबीपीएस वाय-फाय आणि फोनला रेंज शून्य असेल तर फॉर्म तिथेच अडकतो. वाय-फाय कॉलिंग चालणारा फोन आणि ती सुविधा देणारी कंपनी असेल तर निदान कॉलचा मार्ग निघतो. साध्या बटणांच्या फोनवर तेही नाही.

तुटल्यावर येणार कोण?

पुण्यात माझ्या घरी फायबर तुटलं की मी चिडून तक्रार टाकते आणि संध्याकाळपर्यंत मुलगा शिडी घेऊन हजर होतो. खोऱ्यातल्या गावात तो येणार कुठून? तुटलेली तार जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं, ते चालवणारा माणूस लागतो, आणि ती कुठे तुटली हे शोधायला आणखी एक यंत्र. हा माणूस पुण्याहून यायचा असेल तर आठवडा गेला समजा.

सुधारित भारतनेटमध्ये 'उद्यमी' म्हणजे स्थानिक तरुणाने घरगुती जोडण्या द्यायच्या, दुरुस्ती करायची आणि महसुलात वाटा घ्यायचा, अशी कल्पना आहे. गावोगावचे केबलवाले हेच काम कितीतरी वर्षं करत आलेत, त्यामुळे ती हवेतली नाही. पण त्या तरुणाचं पोट भरायला पुरेशा जोडण्या लागतात. बागायती पूर्व भागात त्या मिळतील. पश्चिमेला फक्त वाट्यावर कोणी टिकेल असं दिसत नाही, तिथे देखभालीचा ठरावीक पगारच द्यावा लागेल. तार टाकायला मिळणारे पैसे आणि ती जिवंत ठेवायला मिळणारे पैसे यांत आपल्याकडे नेहमी पहिल्याचीच चर्चा होते. उद्घाटन त्याचंच करता येतं ना!

रस्ता रुंदीकरण आणि शेतातल्या पाइपलाइनचं खोदकाम हे तारेचे मोठे शत्रू. खोदण्याआधी कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप आलं. तुमच्या गावातल्या किती जेसीबीवाल्यांना ते माहीत आहे, विचारून बघा.

ग्रामसभेच्या हातात काय आहे?

जंगलातून तार न्यायची परवानगी मिळत नाही, असं कारण भीमाशंकर अभयारण्याच्या बाजूच्या गावांना सांगितलं गेलं तर वनहक्क कायदा, २००६ मधलं कलम ३(२) माहीत असू द्या. शासनाने चालवायच्या ज्या १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, त्यांत वीज आणि दूरसंचाराच्या तारा आहेत. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायला नकोत आणि ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे पहिला कागद गावातूनच निघू शकतो.

वर्षातून ठरावीक वेळा ग्रामसभा होतेच. तिथे विचारायला साधे प्रश्न आहेत. पंचायतीतला भारतनेटचा डबा आज सुरू आहे का? नसेल तर कधीपासून बंद आहे आणि तक्रार कोणाकडे केली? त्यातून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांपैकी काय जोडलंय? वाड्यांवरच्या किती घरांनी जोडणी मागितली, याची यादी झाली आहे का? पंचायतीबाहेरच्या गावांना मागणीनुसार जोडायचं ठरलंय, त्यामुळे ही यादी लागणारच. आणि डबा कपाटात कुलूपबंद असेल, तर किल्ली कोणाकडे आहे तेही विचारा.