प्रॅक्टिकलचे तीन तास

दिवाळीच्या सुट्टीत नात माकणीला आली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ओसरीवर बसून जर्नल पूर्ण करत होती. मी सहज चष्मा लावून डोकावलो, तर एका पानावर ब्युरेटची तीन वाचनं ओळीनं लिहिलेली: १०.२, १०.२, १०.२. मी म्हटलं, "वा! हात बसला की तुझा."

ती हसली. "आबा, माझं खरं ९.७ आलं होतं. पण बॅचमधल्या सगळ्यांचं १०.२ आहे. सीनियरच्या जर्नलमध्येही १०.२च आहे."

"मग पुन्हा करून का नाही पाहिलंस?"

"वेळ कुठं होता?"

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी माध्यमातून बी.ए. झालो आणि आयुष्यभर मराठी-इतिहास शिकवला. पण ज्यानं त्यानं आपापलं ऑक्झॅलिक ॲसिड तोलून द्रावण केलं असेल, तर वीस जणांचं वाचन दशांशापर्यंत एकच कसं येईल, एवढी शंका बी.ए.वाल्यालाही येते. आणि तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये वेळ नसतो म्हणजे काय? मी तिला मिनिटामिनिटाचा हिशेब विचारला.

बॅच वीस मुलांची. चालू स्थितीतला वजनकाटा एक. एकेकाला चार मिनिटं धरली तरी शेवटच्या मुलाचा नंबर सव्वा तासानं लागतो. तोवर तो काय करतो? उभा राहतो. नंतर सगळे एकदम काचसामान धुवायला बेसिनवर, नळ दोन. मग एकदाचं टायट्रेशन सुरू होतं आणि शेवटी सरांच्या सहीसाठी पुन्हा रांग. नात म्हणाली, "हातानं केलेलं काम चाळीस मिनिटांचं असेल, आबा. बाकी नुसतं थांबणं."

आमच्या मराठवाड्यात रांगेचं शास्त्र कुणाला शिकवावं लागत नाही. टँकर आला की बाया घागरी रांगेत ठेवतात आणि घरची भाकरी उरकून येतात. घागर थांबते, माणूस थांबत नाही. कॉलेजातही हे जमायला काय हरकत आहे? पाच जणांनी आधी तोलावं, पाच जणांनी ब्युरेट धुवून भरून ठेवावी, पाच जणांनी सरांनी आधीच करून ठेवलेल्या द्रावणावर पहिलं अंदाजी वाचन घ्यावं, उरलेल्यांनी पुढच्या प्रयोगाची तयारी करावी, आणि मग पाळी बदलावी. यासाठी पैसा लागत नाही. आदल्या दिवशी फळ्यावर एक तक्ता लिहावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगात वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती नळाचं पाणी सोडतात आणि ते सरळ मोरीत जातं. मिनिटाला एक लिटर धरलं तर तासाला साठ लिटर, दहा मुलांचे सहाशे लिटर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आम्ही विसरलेलो नाही. आमच्या गावाशी तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. धरणाशेजारी राहणाऱ्यालाही इथं पाण्याची खात्री नसते. आणि उपाय काय, तर एक बादली आणि कूलरचा छोटा पंप. तेच पाणी फिरवायचं, गरम झालं की बदलायचं. आपल्या घराघरात उन्हाळ्यात जो पंप गुरगुरतो, तोच.

तिसरी गोष्ट, प्रयोगच लहान करणं. रसायनशास्त्रात आता पुष्कळ ठिकाणी थेंबांवर आणि मिलिग्रॅमवर काम करतात. रसायन कमी, कचरा कमी, आणि थोडं द्रावण लवकर तापतं नि लवकर निवतं, म्हणून वेळही कमी. एका ओळखीच्या सरांना म्हटलं, पन्नासऐवजी दहा मिलिलिटरची ब्युरेट वापरली तर? ते म्हणाले, हाताची तेवढीच चूक लहान मापात मोठी दिसते. असेल बुवा. पण न घेतलेल्या वाचनात किती चूक असते, हे मी त्यांना विचारलं नाही. चहा झाला होता, ते आमचे पाहुणे होते.

सरांचीही बाजू आहे, ती लपवू नये. तिच्या कॉलेजात निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर, आणि एका सहायकावर तीन प्रयोगशाळा. तो बिचारा द्रावणं करणार, काचा पुसणार की तक्ते लिहिणार? शिवाय मोजलं जातं ते वेगळंच. नव्या धोरणात प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सत्रात ३० तास. तास भरले की क्रेडिट मिळतं. त्या ३० तासांत मुलीच्या हातात पिपेट किती मिनिटं होती, याचा रकाना कुठल्याच कागदावर नाही. जर्नल मात्र सुबक हवं. एकच आकृती पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाते. माझं मत विचाराल तर पक्कं जर्नल बंद करावं. प्रयोगाच्या टेबलावरच शाईनं वाचन लिहावं, खाडाखोडीसकट, आणि सरांनी फिरता फिरता तिथंच सही करावी. सहीची रांगही गेली आणि १०.२ची लागणही.

मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान नावाचा कार्यक्रम सुरू झाला. खेड्यांतल्या शाळांत चार-चार मुलांच्या टोळ्या करून स्वस्त साहित्य थेट त्यांच्या हातात दिलं, आणि परीक्षेत पुस्तक उघडं ठेवलं. तीस वर्षं चालून २००२ साली सरकारनं तो बंद केला. पण मुलं वस्तू फोडतात म्हणून त्या कुलपात ठेवायच्या नसतात, एवढं त्यांनी करून दाखवलं.

हे मी कुणाच्या तोंडानं सांगतो? विज्ञानाचे सर बदलून गेले तेव्हा आमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचा चार्ज काही वर्षं माझ्याकडे होता. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. आत एक सूक्ष्मदर्शक, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद, किंमत लिहिलेली, आणि फुटलं तर वसुली माझ्या पगारातून. आठवीतला एक मुलगा डबक्यातलं पाणी बाटलीत घेऊन आला होता. "गुर्जी, यात किडे दिसतात म्हणं, दाखवा की." मी म्हटलं, तपासणीला साहेब येतील तेव्हा काढू. साहेब आले, रजिस्टर पाहून गेले. बाटली खिडकीत हिरवी होऊन गेली. चार्ज सोडताना सूक्ष्मदर्शक मी पिशवीसकट मोजून दिला, आणि पुढच्या शिक्षकानं माझं कौतुक केलं, गुरुजी, वस्तू अगदी नवी ठेवलीत.

नातीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. जाताना माळ्यावरच्या जुन्या कूलरचा पंप तिनं काढून मागितला. मी बोर्डाला लावून पाहिला, चालतो. परवा फोनवर विचारलं, काय झालं? म्हणाली, सर म्हणाले बघू. पंप अजून तिच्या खोलीवरच आहे.