एका घराच्यानं हे होणार नाही

कापूस वेचणीच्या दिवसांत राळेगाव तालुक्यातली घरं दिवसभर ओस असतात. मायबाप वावरात, म्हातारी ओसरीवर आणि शाळेतून आलेलं पोरगं मोबाइल घेऊन कोपऱ्यात. दिवेलागणीला थकून आलेली माय चूल पेटवते, हाक मारते, "जेवाले चाल." आतून उत्तर येतं, "थांब ना माय, मॅच चालू आहे." तिसऱ्या हाकेला बाप फोन हिसकावतो. मग ताट भिरकावलं जातं, शिवीगाळ होते, पोरगं उपाशीच झोपतं.

या भांडणात पोराची अडचण कुणी ऐकून घेत नाही. बीजीएमआयसारख्या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात चौघांचा संघ असतो आणि डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो. मध्येच उठलं की उरलेले तिघं उघडे पडतात. खेळ रोज उघडला तर बक्षीस, हंगाम बदलला की कमावलेला हुद्दा खाली. डाव संपताच पुढचा एका बोटावर तयार. मोठ्या माणसालाही ज्यातून उठणं जड जावं, असा हा बेत आहे. म्हणून फोन हिसकावण्याऐवजी "हा डाव झाला की बंद" असं आधी ठरवावं आणि त्या वेळी शेजारी जाऊन बसावं.

खेळणारं प्रत्येक पोरगं आजारी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेची या आजाराची २०२२पासून लागू असलेली व्याख्या स्पष्ट आहे : खेळण्यावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं मागे पडलेलं, नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच, आणि हे साधारण वर्षभर. शाळा सुटली, रात्रीची झोप गेली, हात उगारला जाऊ लागला तर वर्ष भरायची वाट पाहू नये. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेलि-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं. बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारी बंदीवर मी विसंबणार नाही. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला, पुढच्याच वर्षी बीजीएमआय होऊन आला. तोही २०२२ मध्ये हटवला, २०२३ मध्ये परतला. ऑगस्ट २०२५च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. हे लढाईचे खेळ त्या बंदीत येत नाहीत.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावानं नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव घेतला : अठरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोबाइल नको. कोरोनात शाळेसाठी दिलेला फोन पोरांच्या हातून सुटेना, म्हणून गावाला हे करावं लागलं. त्या धाडसाचा मला अभिमान आहे. तरी मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव अधिक पटतं. तिथं त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. नियम थोरामोठ्यांनाही लागू. बाप रील पाहत बसला असेल तर पोरानं त्याचं का ऐकावं? आणि चौघं सवंगडी एकाच वेळी बाहेर पडले, तर कुणीच कुणाला उघडं पाडत नाही.

राळेगावच्या नगरपंचायतीनं हा भोंगा एका प्रभागात तरी या हिवाळ्यात सुरू करावा. पण दीड तास पोरांनी करायचं काय, तेही ठरवावं लागेल. शाळेची एक खोली उघडी ठेवा, मैदानावर दिवे लावा, कबड्डीची रेघ मारून द्या. किल्ली कुणाकडे राहील, हे त्याच बैठकीत ठरवा.