वर्गात नोकर, कागदावर व्यावसायिक

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी बोनसचा हिशेब मांडला जातो. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस हा कामगाराचा हक्क ठरवला आणि त्याच कायद्याने विद्यापीठे व इतर शिक्षणसंस्था आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. शिकवणारा माणूस कामगार नसतो, ही समजूत आपल्या कायद्यातही अशी मुरली आहे. यंदाचा अंक वाचकांच्या हाती देताना मला लिहायचे आहे ते परदेशात जाऊन शिकवणाऱ्यांबद्दल. ही समजूत त्यांना सर्वांत महागात पडते.

दक्षिण कोरियाचे उदाहरण घेऊ. तिथे खासगी शिकवणीवर्गांना हागवॉन म्हणतात. सोलच्या देची-दोंगसारख्या भागात इमारतीच्या इमारती अशा वर्गांनी भरलेल्या आहेत. इंग्रजी शिकवण्यासाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतले पदवीधर ई-२ व्हिसावर तिथे येतात. व्हिसा मालकाशी बांधलेला आणि राहायची खोली बहुधा मालकानेच दिलेली. पगार साधारण २२ लाख वॉन. वर्ग कधी, कुठे आणि कोणत्या पुस्तकावरून घ्यायचा, हे सगळे मालक ठरवतो. नोकरी म्हणतात ती हीच.

पण पगाराच्या कागदावर पुष्कळदा वेगळेच लिहिलेले असते. तिथे शिक्षकाला स्वतंत्र व्यावसायिक दाखवून त्याच्या पगारातून फक्त ३.३ टक्के कर कापतात: ३ टक्के प्राप्तिकर आणि ०.३ टक्के स्थानिक कर. नव्याने आलेल्या पंचविशीतल्या मुलाला सांगतात, बघ, तुझ्या हातात जास्त पैसे पडतात. तेवढे खरेही असते. नोकर म्हणून नोंद झाली असती, तर २०२५ पर्यंतच्या दरांनी पेन्शनचे साडेचार टक्के आणि आरोग्यविम्याचे सुमारे साडेतीन टक्के त्याच्या पगारातून गेले असते. त्याला सांगत नाहीत ते हे, की तेवढीच रक्कम मालकालाही स्वतःच्या खिशातून भरावी लागली असती. दरमहा आठ टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ एक पगार. शिवाय कोरियन कायद्याप्रमाणे वर्ष पूर्ण करणाऱ्या नोकराला सेवा सोडताना प्रत्येक वर्षामागे एका महिन्याचा पगार द्यावा लागतो. व्यावसायिकाला तो द्यावा लागत नाही. एका खोट्या नोंदीने मालक एका शिक्षकामागे वर्षाला दोन पगार वाचवतो आणि शिक्षक त्याचे आभार मानतो.

२०१९ च्या जुलैपासून यात आणखी एक भार पडला. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला राष्ट्रीय आरोग्यविमा सक्तीचा झाला. मालकाने नोंद केली नसेल, तर पूर्ण हप्त्याचे बिल शिक्षकाच्या नावावर येते, आणि ते थकले तर व्हिसा वाढवून घेताना अडचण होते. मे महिन्यात व्यावसायिक म्हणून स्वतःचे विवरणपत्र भरायचे असते, हेही अनेकांना करखात्याची नोटीस आल्यावर कळते. काही ठिकाणी तर पेन्शनचे पैसे पगारातून कापून घेतात, पण निधीत भरतच नाहीत. ही सरळ चोरी आहे. तिला दुसरे नाव देऊ नये.

आणि अकरावा महिना. वर्ष भरत आले की शिक्षकाच्या चुका दिसू लागतात, पालकांच्या तक्रारी निघतात आणि नोकरी जाते. बारा महिने पुरे झाले नाहीत, म्हणजे सेवासमाप्तीचा पगारही नाही. नोकरीबरोबर खोली जाते आणि व्हिसाही धोक्यात येतो. कामगार कार्यालयात दाद मागता येते, तिथला कामगार कायदा राष्ट्रीयत्वावरून भेद करू देत नाही. २०१५ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही अशा परदेशी इंग्रजी शिक्षकांना कामगार ठरवून सेवासमाप्तीच्या रकमेवरचा त्यांचा हक्क मान्य केला. पण निकाल लागेपर्यंत परक्या शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय? मालकाचा खरा भरवसा या प्रश्नावर असतो.

सरकारी शाळेत गेले म्हणजे सुटका होते, असेही नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या शाळांनी हजाराहून अधिक परदेशी शिक्षक नेमले होते. त्यांत फिलिपिन्सचे पुष्कळ. व्हिसाचा जो खर्च कायद्याने मालकाने करायचा, तो या शिक्षकांच्या माथी मारला गेला. २०११ मध्ये कामगार खात्याशी झालेल्या तडजोडीत सुमारे ४२ लाख डॉलर परत द्यायचे ठरले. न्याय झाला म्हणावे, तर शिक्षा म्हणून त्या शाळांना दोन वर्षे नव्या व्हिसांची आणि मुदतवाढीची बंदी झाली आणि ज्यांची लूट झाली होती त्यांतल्याच अनेकांची नोकरी गेली. तक्रार करणाऱ्याला देश सोडावा लागत असेल, तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल? मला ही शिक्षा अत्यंत अन्यायाची वाटते.

आपली माणसे अधिक जातात ती आखाती देशांत. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे करारातला आकडा मोठा दिसतो. पण सेवासमाप्तीची रक्कम मूळ पगारावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांत वर्षाला २१ दिवसांची. मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगवले की ती रक्कम आपोआप आटते. आणि आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची पूर्वपरवानगी दहावी उत्तीर्ण माणसाला लागत नाही. गवंड्याचा करार सरकारी नजरेखालून जातो, शिक्षिकेचा जात नाही. शिकलेल्या माणसाला स्वतःचे हित कळते, असे सरकारने गृहीत धरले आहे. कोरियातली ती पदवीधर मुले शिकलेलीच आहेत.

घरचीही गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडच्या कित्येक क्लासेसमध्ये पूर्णवेळ शिकवणाऱ्यांना व्यावसायिक शुल्क म्हणून पैसे देतात, त्यातून दहा टक्के कर कापतात आणि भविष्य निर्वाह निधीचे नावही काढत नाहीत. शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातले ‘कर्मचारी’ नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त करून त्यांना ३ एप्रिल १९९७ पासून हक्क दिला. खासगी शाळा त्याविरुद्ध लढत राहिल्या आणि २०२२ मध्ये हरल्या. एवढ्या वर्षांत किती शिक्षक रिकाम्या हाताने निवृत्त झाले असतील!

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरातून कोणी ना कोणी परदेशी शिकवायला निघाले असेल. त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक आग्रह धरतो. सही करण्याआधी मालकाला लेखी विचारा: माझी नोंद नोकर म्हणून होणार का, मूळ पगार किती, पेन्शन आणि विम्याचे पैसे कोणत्या खात्यात भरणार? पहिल्या पगारानंतर ते भरले गेले की नाही, हे त्या त्या कार्यालयात स्वतः जाऊन पाहा. आणि तक्रार करायची वेळ आलीच, तर परतीचे तिकीट काढण्यापूर्वी करा, कारण मागे राहिलेला दावा पुण्यात किंवा पणजीत बसून चालवणे फार अवघड जाते.